रोज हिंजवडी, महिन्यातून दोनदा गाव: ड्युअल-स्पोर्ट घ्यावी की सुपरमोटो?

भोरकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज धागा काढायचं धाडस करतोय.

राहतो नऱ्हेला, ऑफिस हिंजवडी फेज ३. जाऊन-येऊन ५० किलोमीटर, सगळं बायपासने: वारजे, चांदणी चौक, बावधन, बाणेर, वाकड. सध्या ११० सीसीची स्कूटर आहे. तिचं १२ इंची पुढचं चाक सर्व्हिस रोडच्या खड्ड्यात जातं तेव्हा मणक्यातला प्रत्येक मणी वेगळा मोजता येतो. महिन्यातून दोनदा गावी जातो. कापूरहोळहून आत, भोर ओलांडून वेळवंड खोऱ्यात. शेवटचे चार किलोमीटर रस्ता आहे असं कागदावर आहे. पावसाळ्यात तिथे लाल चिखल आणि बाकी वर्षभर सुटी खडी.

मनात सुपरमोटो भरली आहे. उंच गाडी, लांब शॉकअप, पण दोन्ही चाकं १७ इंची आणि रस्त्याचे रुंद टायर. व्हिडिओत ती पोरं वळणावर पाय पुढे काढून गाडी फिरवतात ते बघून झोप उडाली आहे. दुसरा पर्याय साधी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीची, पुढे २१ इंची चाक. बजेट ऑनरोड अडीच लाख, ताणून पावणेतीन. एकच अट: भरवशाची पाहिजे. सकाळी साडेनऊचं स्टँडअप (टीमची रोजची मीटिंग) आहे, रस्त्याच्या कडेला उभं राहून हेल्पलाइनला फोन लावायला वेळ नाही.

काय घ्यावं?

पॅकअप
स्प्लेंडर घ्या. धागा संपला.

भोरकर
@पॅकअप, पहिला प्रतिसाद तुमचाच येणार हे बायकोने आधीच सांगितलं होतं.

आजोबा_आरएक्स
भोरकर, तुम्ही सगळं सांगितलंत आणि जे सांगायला हवं तेच गाळलंत. उंची किती? वजन किती? मागे कोण बसणार? गाडी रात्री कुठे उभी राहणार, सोसायटीच्या उताराच्या पार्किंगमध्ये की सपाटीवर? आम्ही १९८८ पासून दुचाकी चालवतोय. माणसं गाडी डोळ्यांनी घेतात आणि मग ती गुडघ्यांनी फेडतात.

भोरकर
उंची ५ फूट ६ इंच, वजन ६४. मागे कधी बायको, गावी गेलो की आई. आई ६१ वर्षांची, नऊवारी, एकाच बाजूला पाय टाकून बसते. पार्किंग बेसमेंटला, उतार आहे.

आजोबा_आरएक्स
मग सुपरमोटोचं स्वप्न आईला विचारून बघा.

घाटवेडा
हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही वापरतोय, ४१,००० किलोमीटर झाले. पिंपळे सौदागर ते मगरपट्टा रोज, आणि शनिवारी ताम्हिणी नाहीतर कुठेतरी. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी जात समजून घ्या. आपल्याकडे 'ॲडव्हेंचर' लिहिलेल्या अर्ध्या गाड्या म्हणजे रस्त्याच्याच गाड्या, चोच लावलेल्या. खरी ड्युअल-स्पोर्ट म्हणजे तारांची चाकं, पुढे २१ आणि मागे १८ किंवा १७ इंची, सस्पेन्शनला भरपूर हालचाल आणि खाली दगडाला न लागणारं पोट. हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली होती, १५० सीसीची. गाडी गोड होती, पण काळाच्या आधी आली आणि गेली. मग मे २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची चार व्हॉल्व्हची आवृत्ती. ताकद १९.१ पीएस (अश्वशक्तीचं माप), १३ लिटरची टाकी, सीट ८२५ मिलिमीटर, जमिनीपासून २२० मिलिमीटर मोकळी. जानेवारी २०२५ मध्ये एक्सपल्स २१० आली: लिक्विड कूल्ड, २४.६ पीएस, सहा गिअर, सीट ८३०.

रोजच्या वापरात काय जाणवतं ते सांगतो. खड्डा दिसला की मनात जी आकडेमोड चालते, डावीकडून काढू की उजवीकडून, ती बंद होते. स्पीडब्रेकरला वेग कमी करायची सवय मोडते, हे वाईट आहे. मागे बसणारी व्यक्ती हवेत उडते. २०० ला पाचच गिअर आहेत. बायपासवर ८० ला मजेत, ९५ नंतर हँडल आणि पायाखाली झिणझिण्या. पण तुमच्या रस्त्यावर ९५ मिळतोय कुठे? अपघातांसाठी बदनाम नवले पुलाच्या उतारावर मिळेल, आणि तिथे तो मिळू नये हीच इच्छा.

देखभाल: चेनला दर ५०० किलोमीटरला साफसफाई आणि ल्यूब, एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत पुस्तकात लिहिलंय त्याहून लवकर, ऑइल वेळेवर. एवढं केलं की झालं. ४१,००० मध्ये दोन चेनसेट, पुढचे पॅड तीनदा, क्लच प्लेट एकदा. क्लच माझ्या चुकीने, वाकडच्या चौकात हाफ क्लचवर उभं राहायची सवय होती. ॲव्हरेज शहरात ३६-३८.

चाकणकर
घाटवेडा यांनी छान लिहिलंय. मी सुपरमोटोच्या बाजूने येतो, कारण हल्ली प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर 'एक्सपल्सला १७ इंची चाकं टाकून सुपरमोटो करू' ही चर्चा असते. करायचीच असेल तर आधी कागद-पेन्सिल घ्या. मी चाकणला एका मशीनशॉपमध्ये आहे, कॅल्क्युलेटर हाताशी असतो.

मूळ पुढचा टायर ९०/९०-२१. बाहेरचा व्यास साधारण ६९५ मिमी. त्याजागी ११०/७०-१७ टाकला तर ५८६. म्हणजे पुढचा ॲक्सल ५५ मिमी खाली. मागचा मूळ १२०/८०-१८, व्यास ६४९. तिथे १३०/७०-१७ टाकला तर ६१४, म्हणजे १८ मिमी खाली. पुढची बाजू मागच्यापेक्षा ३७ मिमी जास्त बसली. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १,४१० मिमीच्या आसपास, त्यामुळे सगळी गाडी दीड अंश नाकावर झुकते. ट्रेल, म्हणजे पुढचं चाक आपोआप सरळ ठेवणारं अंतर, घटतो. चौकात गाडी पाखरासारखी वळते, खरं आहे. आणि तीच गाडी हायवेवर ट्रकच्या वाऱ्यात हँडल हलवायला लागते.

दुसरं, स्पीडोमीटर. वेग पुढच्या चाकाच्या फेऱ्यांवरून मोजला जात असेल तर चाक लहान झाल्यावर मीटर १९ टक्के जास्त दाखवणार. खरे ६०, काट्यावर ७१. किलोमीटरही तेवढेच फुगणार. एबीएसचा मेंदूही चाकाच्या फेऱ्यांवरच विचार करतो, त्याला न विचारता चाक बदललं की तो काय करेल ते ओल्या रस्त्यावर कळतं, आधी नाही.

तिसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरच्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलात बसत नाही असा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर चाकं बघत बसला की वाद आलाच.

मला सुपरमोटो आवडते. म्हणूनच सांगतोय, ती कारखान्यातून तशीच निघालेली घ्यावी, घरी बनवू नये.

पॅकअप
स्प्लेंडरला १८ इंची चाकं आहेत. कंपनीनेच बसवलेली. दीड अंशसुद्धा झुकत नाही.

नाना_न्यूजर्सी
इकडे रात्र आहे, पण हा विषय सोडवेना.

सुपरमोटोचा जन्मच मुळी एका टीव्हीच्या कार्यक्रमासाठी झाला. १९७९ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडला, 'सुपरबायकर्स' नावाची शर्यत भरवली. डांबर, माती आणि उड्या एकाच ट्रॅकवर, आणि वेगवेगळ्या प्रकारच्या शर्यतींचे रायडर एकत्र. कोण सगळ्यात भारी हे ठरवायला. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या गाडीला रस्त्याचे टायर चढवले आणि हा प्रकार सुरू झाला. नंतर तो युरोपात जास्त रुजला.

माझ्याकडे सुझुकीची डीआर-झेड ४०० एसएम होती, आठ वर्षं. मूळ डीआर-झेड ४०० आली २००० मध्ये, एसएम २००५ च्या मॉडेलपासून. कार्ब्युरेटर, पाच गिअर, इंजिन साधं आणि दणकट. शहरात इतकी मजा देणारी दुसरी गाडी मी चालवली नाही. पण सीट म्हणजे फळी. चाळीस मिनिटांनी उतरून चालावंसं वाटतं. हायवेवर सहावा गिअर शोधत पाय आपोआप वर जातो, आणि तो नसतो. आता सुझुकीने तिची नवी आवृत्ती काढलीय, डीआर-झेड ४ एसएम, फ्युएल इंजेक्शनवाली. सीट ८९० मिमी. भोरकर, ५ फूट ६ ला ८९० म्हणजे सिग्नलला बॅले करावा लागेल.

भरवशाबद्दल एक गोष्ट, ती इकडे नवशिक्यांना फार महागात पडते. नंबरप्लेट लागते म्हणून गाडी रस्त्याची होत नाही. शर्यतीच्या जातीच्या एन्ड्युरो (रानवाटांच्या लांब शर्यतींच्या) आणि सुपरमोटो गाड्यांचं ऑइल किलोमीटरवर नाही, इंजिनाच्या तासांवर बदलतात. पंधरा-वीस तास झाले की बदला. तुमचा रोजचा प्रवास अडीच तास धरला तर दर आठवड्या-दीड आठवड्याला ऑइल! उलट यामाहाच्या डब्ल्यूआर २५० आर सारखी गाडी बघा. तीही उंच, तीही हलकी, पण व्हॉल्व्ह तपासायचे २६,६०० मैलांनी, म्हणजे सुमारे ४२,८०० किलोमीटरनी. दिसायला दोघी बहिणी, स्वभाव पूर्ण वेगळा. म्हणून गाडी बघायच्या आधी तिचं सर्व्हिस शेड्यूलचं पान बघायचं. ब्रोशर नंतर.

भोरकर
नाना, हे पान बघायचं सुचलंच नव्हतं. धन्यवाद. चाकणकर, ते ३७ मिमी वाचून उत्साहाची हवा निम्मी गेली.

आता यादी अशी आहे, चुकतंय तिथे सांगा: एक्सपल्स २१०, सेकंडहँड एक्सपल्स २०० फोर-व्ही, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, रॉयल एनफिल्डची हिमालयन (जुनी ४११, सेकंडहँड), आणि लांबून बघायला केटीएम ३९० एन्ड्युरो आर.

चाकणकर
३९० एन्ड्युरो आर बद्दल आपुलकीने सांगतो, केटीएमच्या ३९० गाड्या आमच्या चाकणलाच बजाजच्या कारखान्यात बनतात. कागदावर ही गाडी तुमच्या मनातल्या सुपरमोटोची सख्खी बहीण. ४६ पीएस, पुढे २१, मागे १८. पण सीट ८६० (बाहेरच्या देशांत तर याहून उंच), टाकी ९ लिटर, आणि एप्रिल २०२५ मध्ये आली तेव्हाच एक्स-शोरूम ३ लाख ३७ हजार. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींना ४० टक्के जीएसटी आणि ३५० पर्यंतच्यांना १८. तुमचं बजेट या रेषेच्या अलीकडेच ठेवा. हिमालयन ४५० सुद्धा रेषेच्या पलीकडे जाते.

४६ पीएस वाकड ते फेज ३ मध्ये नेऊन करणार काय?

कोल्हापुरी_थ्रॉटल
उंचीवर सगळे पुरुष बोलताहेत म्हणून आता मी बोलते. माझी उंची ५ फूट ३. चालवते एक्सपल्स २००, तीन वर्षं झाली. कोल्हापूर-गारगोटी नोकरीला, आणि मन झालं की आंबोली.

ब्रोशरमधला सीटचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. लांब हालचालीचं मऊ सस्पेन्शन तुम्ही बसल्यावर खाली बसतं. म्हणून ८२५ ची ड्युअल-स्पोर्ट आणि ८०० ची कडक शॉकअपची रस्त्याची गाडी, बसल्यावर जवळजवळ सारख्याच वाटू शकतात. शिवाय सीट पुढे किती रुंद आहे त्यावर पाय किती फाकतात ते ठरतं. अरुंद सीटची उंच गाडी बरी, रुंद सीटची बुटकी नको.

दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोडा दादा. सिग्नलला थांबताना सीटवरून अर्धं बूड डावीकडे सरकवायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. पहिला महिना तोंड सुकतं, मग अंगवळणी पडतं.

आता ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो आणि रस्ता कडेला उतरता असतो, पाणी जावं म्हणून. म्हणजे नेमकी डाव्या पायाखालची जमीन दोन-तीन इंच खाली! मी पहिल्या आठवड्यात दोनदा आडवी पडले, दोन्ही वेळा एसटी स्टँडसमोर, दोन्ही वेळा कंडक्टरने उचलायला मदत केली आणि दोन्ही वेळा एकच वाक्य, "ताई, स्कूटी बरी." आता थांबायची जागा दहा मीटर आधी ठरवते. लेनच्या मधोमध, कडेला नाही. अगदीच कडेला थांबावं लागलं तर उजवा पाय टेकवायचा आणि पुढचा ब्रेक धरायचा.

गाडी खाली करायची लिंक बसवू नका लगेच. मागून गाडी खाली आली की साइड स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्याने उजवीकडे पडते. आधी सीटचा फोम अर्धा-पाऊण इंच काढून बघा. आमच्याकडे सीटवाल्याने ४०० रुपयांत केलं.

घाटवेडा
ताई, डावीकडच्या उताराचं निरीक्षण सोन्यासारखं आहे. ४१,००० किलोमीटर चालवून माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी ५ फूट ११.

आजोबा_आरएक्स
+१. हा धागा वाचनखूण म्हणून साठवतो.

मिसळ_विदाउट_पाव
थोडं विषयांतर. भोरकर, तुमच्या ५० किलोमीटरमध्ये डांबर किती? ४९. चिखल महिन्यातून सोळा किलोमीटर. तर डांबराची गाडी घ्या ना. व्ही-स्ट्रॉम एसएक्स माझ्याकडे आहे. २४९ सीसी, २६.५ पीएस, सीट ८३५, वजन १६७ किलो, पुढे १९ आणि मागे १७ इंची अलॉय. ट्यूबलेस!! हा शब्द धाग्यात अजून एकदाही आला नाही याचं आश्चर्य वाटतंय. रात्री साडेआठला पाषाण तलावाजवळ खिळा लागला. मी चिमटा, दोरी आणि छोटा पंप काढला, बारा मिनिटांत गाडी चालू. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर चाक उतरवा, टायर काढा, ट्यूब शोधा. आणि एक्सपल्सला मधला स्टँड पण नाही.

घाटवेडा
मान्य. ट्यूब हीच या गाड्यांची दुखरी नस. पण उपाय आहे. २१ इंची ट्यूब बॅगेत ठेवायची, कारण ती रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे सहसा नसते. १८ ची मिळते. आणि अगदीच अडलं तर २१ ची ट्यूब मागच्या १८ मध्ये घडी घालून कशीबशी घरापर्यंत नेते, उलट मात्र नाही. मधल्या स्टँडऐवजी मी बांधकामावरची वीट वापरतो. साइड स्टँडवर गाडी कलती करायची, दुसऱ्याने बॅशप्लेटखाली (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) विटा सरकवायच्या. पुण्यात बांधकाम कुठे नाही?

आणि अलॉय खड्ड्यात वाकली की खर्च बघा. तारेचं चाक वाकलं तर आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढून मिळतो, दोन-तीनशे रुपयांत. वेळवंड खोऱ्यातल्या शेवटच्या चार किलोमीटरला मला अलॉय नको वाटेल.

मिसळ_विदाउट_पाव
तिथे हळू चालवा ना. चार किलोमीटरसाठी वर्षभर ट्यूब सांभाळायची हे मला पटत नाही, पण आपापली आवड.

नाशिकचा_पाना
गॅरेज आहे माझं, पंचवटीत. सेकंडहँड फोर-व्ही किंवा जुनी हिमालयन घ्यायचा विचार असेल तर हे वाचा. या गाड्यांचे दोन प्रकारचे मालक असतात. एकाने रोज ऑफिसला नेली, दुसऱ्याने रविवारी उड्या मारल्या. किलोमीटर दुसऱ्याचे कमी असतात, म्हणून लोक त्याची गाडी घेतात आणि फसतात.

गाडी बघायला जाताना एक १० नंबरचा पाना आणि पांढरा रुमाल न्या. पुढच्या फोर्कच्या नळ्या रुमालाने पुसा, मग ब्रेक धरून चारदा दाबा, परत पुसा. काळी तेलकट रेघ आली तर ऑइल सील गेलेत. तो खर्च मोठा नाही, भाव करायला उपयोगी. मग पान्याने प्रत्येक तार हलकीशी वाजवा. सगळ्या टणटण वाजल्या पाहिजेत. मध्येच एखादी 'ठप्प' बोलली तर ती सैल आहे, चार-पाच बोलल्या तर रिम मार खाल्लेली आहे. चाक फिरवा आणि पेन रिमजवळ स्थिर धरा, आउट लगेच दिसतो.

पुढचं चाक उचलून हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्यावर हँडल 'कट्' करून खाचेत बसल्यासारखं वाटलं तर बॉल रेसर (हँडलचे बेअरिंग) गेले. मागची चेन स्प्रॉकेटच्या पाठीवरून बोटाने ओढा, अर्धा दात दिसला तर चेनसेट संपला. मागचं चाक पुढेमागे हलवून ड्रम रबर (मागच्या चाकातले धक्का शोषणारे रबर) बघा. मग खाली झोपा. खरंच झोपा, लाजू नका. बॅशप्लेटला ओरखडे चालतात, पोचे नकोत. फूटरेस्टची बैठक वाकलेली, हँडलजवळच्या चॅसीच्या वेल्डिंगला ताजा रंग, हे दिसलं की चहा पिऊन घरी या.

आणि एक: प्रेशरने धुतलेली चकचकीत गाडी दिसली की मला शंका येते. रोज फवारा मारून स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारी दांडी) बेअरिंगमधलं ग्रीस जातं. थोडी मळकट गाडी, पण ऑइल बदलल्याच्या पावत्या फाईलला, ही चांगली.

कागद: फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि ३५. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर २८.

आजोबा_आरएक्स
पाना, उत्तम. भोरकर, टेस्ट राइडचं सांगतो. रविवारी सकाळी सातला टेस्ट राइड घेऊ नका, रविवारी सकाळी बैलगाडीही चांगली वाटते. मंगळवारी साडेनऊला घ्या, वाकड पुलाखाली. इंजिन तापू द्या, पंखा लागू द्या, पाय किती भाजतो बघा. मग बायकोला मागे बसवा. आणि आईला विसरू नका.

भोरकर
(तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, माफी असावी. पण गृहपाठ करून आलोय.

एका शोरूममध्ये टेस्ट राइड म्हणजे पार्किंगमध्ये दोन चकरा असा नियम निघाला, तिथून चहा न पिताच निघालो. बाकी ठिकाणी नीट मिळाली.

व्ही-स्ट्रॉम एसएक्स खरोखर गुळगुळीत आहे. मिसळभाऊ, तुमचं ऐकून जवळपास टोकन दिलंच होतं. बायकोलाही मागची सीट तीच आवडली. जुनी हिमालयन ४११ चालवली, सीट ८०० म्हणून पाय मस्त टेकतात, हायवेवर गाडी बैलासारखी शांत. पण १९९ किलो. बेसमेंटच्या उतारावर उलटी ढकलायची वेळ आली आणि वॉचमन काका मदतीला धावले. रोज सकाळी वॉचमन काकांवर अवलंबून राहायचं नाही.

एक्सपल्स २१० वर बसलो आणि वाकड पुलाखाली अगदी आजोबांनी सांगितल्या वेळी पंचवीस मिनिटं अडकलो. कोल्हापुरीताईंचं अर्धं बूड सरकवायचं तंत्र आधी घरी उशीवर सराव करून गेलो होतो (बायकोने व्हिडिओ काढलाय, तो कुठेही येणार नाही). जमलं. २१० चा सहावा गिअर नानांना पाठवावासा वाटला.

तरी शेवटी घेतली ती सेकंडहँड २०० फोर-व्ही. २०२२ ची, १८,४०० किलोमीटर, कोथरूडच्या एका काकांची. काकांना गुडघ्याचं दुखणं निघालं म्हणून विकली. पानासाहेब, ३६ च्या ३६ तारा पुढच्या चाकाच्या मोजून वाजवल्या. काका म्हणाले, "गाडी घ्यायला आलात की सतार?" दोन तारा सैल निघाल्या, बाकी गाणं सुरेल. ऑइलच्या पावत्या २,५०० पासून पुढे सगळ्या फाईलला, वर पेन्सिलने पेट्रोलचा हिशोबही. ९८,००० ला ठरली. उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, बूट आणि पावसाळी पँट. आणि मागे-पुढे बटन टायरच्या (चिखलासाठीचे, मोठ्या गुठळ्यांचे) जवळ जाणारे होते ते काढून रस्त्याला झुकणारे, पण त्याच मापाचे टायर टाकले. म्हणजे चाकणकर, माझी सुपरमोटो झाली, शून्य अंश झुकलेली.

२१० का नाही? खरं कारण सांगतो. नवी गाडी मी चिखलात घातली नसती. पहिला ओरखडा पडेपर्यंत वर्ष गेलं असतं.

घाटवेडा
अभिनंदन! २१ ची ट्यूब घेतली का?

भोरकर
घेतली. वीट पण एक डिकीच्या बॅगेत होती, बायकोने ती काढून ठेवली.

आजोबा_आरएक्स
आणि आई?

भोरकर
तेच सांगायचं राहिलं होतं. परवा गावी गेलो. आई अंगणात येऊन गाडीला एक फेरी मारून म्हणाली, "ह्या घोड्यावर मी कशी चढू?" मी सगळं समजावत होतो, पाय इथे, हात खांद्यावर. तिने काही ऐकलं नाही. मला म्हणाली, गाडी ओट्याला लाव. मी लावली. ओटा आणि मागची सीट बरोबर एकाच उंचीची. ती ओट्यावरून पदर सावरत नुसती सरकली आणि बसली, साडी गार्डवर पाय ठेवून. भोरच्या दवाखान्यापर्यंत नेलं. तिथे उतरायला मात्र ओटा नव्हता, मग रसवंतीवाल्याचं बाकडं मागून आणलं.

पॅकअप
स्प्लेंडरला बाकडं लागत नाही.

आजोबा_आरएक्स
पॅकअप, गप्प बसा. भोरकर, आईचा ओट्यावरचा फोटो टाका. गाडी नाही दिसली तरी चालेल.